व्हिडिओ अडकतोय? फॉरमॅट मारायला सांगण्याआधी एवढं बघा

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "व्हिडिओ अडकतोय, फॉरमॅट मारून द्या." फॉरमॅट आम्ही मारून देऊ, पण तुमचा एक दिवस जाईल, पैसे जातील, टॅली आणि प्रिंटर पुन्हा बसवावा लागेल, आणि बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच अडकत राहील. म्हणून हा कागद.

आधी नीट बघा, व्हिडिओ थांबतोय की तुटतोय. मधे गोल फिरायला लागलं आणि चित्राबरोबर आवाजही थांबला, तर माल वेळेवर पोचत नाही, म्हणजे नेटचा प्रश्न. आवाज सुरळीत आणि चित्र मात्र धक्के खात चाललंय, तर नेटला दोष देऊ नका, गडबड मशीनमध्ये आहे. नेटचा ५० एमबीपीएस वेगाचा प्लॅन १०० चा केला तरी काही फरक पडणार नाही. यूट्यूब स्वतःच १०८०पी (फुल एचडी) साठी ५ आणि ७२०पी साठी २.५ एमबीपीएस पुरे म्हणतं.

खात्री करायची तर यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोपऱ्यात काळी चौकट येईल. त्यातल्या दोनच ओळी बघायच्या. 'बफर हेल्थ' म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन पडलाय. हा आकडा शून्याकडे जात असेल तर नेट. 'फ्रेम्स'च्या ओळीत 'ड्रॉप्ड' म्हणजे किती चित्रं दाखवायची राहून गेली. बफर २०-३० सेकंदांचा आहे आणि ड्रॉप्ड वाढतच चाललंय, तर मशीन. ही तपासणी लाइव्हवर करू नका. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा लाइव्ह बघताना बफर चार-पाच सेकंदच दिसेल, आणि ते बरोबरच आहे. पुढचं अजून घडलेलंच नसतं, तर साठवणार काय? जुना, आधी टाकलेला व्हिडिओ लावा.

मशीन कुठे कमी पडतं

साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद. ६० वाल्यात जेमतेम १६. ही चित्रं दाबून, घडी घालून पाठवलेली असतात आणि प्रत्येक घडी तेवढ्या वेळात उलगडावी लागते. त्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये (जीपीयू) खास भाग असतो, तो हे काम अंग न मोडता करतो. ब्राउझरने त्या भागाकडे काम सोपवणं म्हणजे हार्डवेअर ॲक्सलरेशन. ते बंद असलं की सगळा भार प्रोसेसरवर (सीपीयू) येतो. जुन्या प्रोसेसरला वेळ पुरत नाही, मग आवाज सांभाळायचा आणि चित्रं सोडून द्यायची, असं तो करतो. झटके दिसतात ते त्यामुळे.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

कोणीतरी सांगतं, कुठल्यातरी व्हिडिओत दाखवतात, 'हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद करा, प्रॉब्लेम सुटेल.' सल्ला सरसकट खोटा नाही. स्क्रीन हिरवी पडणं, आवाज येतो पण चित्र काळं, ब्राउझर लुकलुकणं, यावर तो चालतो, कारण तिथे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून ती चिप चालवून घेणारं सॉफ्टवेअर, बिघडलेला असतो आणि आपण त्याला वळसा घालतो. पण वळसा म्हणजे दुरुस्ती नव्हे. लोक बंद करतात आणि विसरतात. सहा महिन्यांनी तेच मशीन 'स्लो झालंय' म्हणून आमच्याकडे येतं, आम्ही रॅम बघतो, हार्डडिस्क बघतो, व्हायरस बघतो, आणि शेवटी एक बटण बंद सापडतं. म्हणून विनंती, असं काही बदललं असेल तर मशीन देतानाच सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

बटण असं बघा. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, सिस्टीम, तिथे 'यूज ग्राफिक्स ॲक्सलरेशन व्हेन अव्हेलेबल'. जुन्या आवृत्तीत ग्राफिक्सच्या जागी हार्डवेअर असं लिहिलेलं असेल. एजमध्येही 'सिस्टीम अँड परफॉर्मन्स' खाली हेच आहे. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, खाली परफॉर्मन्स; 'रेकमेंडेड' वाली खूण काढली की ॲक्सलरेशनची चौकट दिसते. बदल केल्यावर तिथेच येणारं 'रीलाँच' दाबा. नुसती फुली मारून खिडकी बंद केली तर क्रोम पुष्कळदा मागे चालूच राहतो, आणि मग "करून बघितलं, फरक नाही" असा फोन येतो.

आता बटण चालू असूनही काम होत नसेल तर? ॲड्रेसच्या जागी इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश, जीपीयू असं टाइप करा. 'व्हिडिओ डिकोड' समोर 'हार्डवेअर ॲक्सलरेटेड' पाहिजे. 'सॉफ्टवेअर ओन्ली' असेल तर बटण नावाला चालू आहे. ग्राफिक्सचा भाग सारखा कोसळत असला की क्रोम स्वतःच तेवढ्यापुरता सॉफ्टवेअरवर जातो. दुसरी खूण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर किती भार आहे ते तिथे दिसतं) मिळते: परफॉर्मन्स, जीपीयू, आणि 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख. व्हिडिओ चालू असताना तो सपाट आणि सीपीयू ८०-९० टक्क्यांवर, तर निदान झालं.

मग विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर (मशीनच्या भागांची यादी) उघडून 'डिस्प्ले ॲडाप्टर्स' बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलेलाच नाही. घाईत केलेल्या फॉरमॅटची ही ठरलेली खूण. अशा लॅपटॉपवर ब्राइटनेसही कमी-जास्त होत नाही. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर बघूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारी सॉफ्टवेअर टाकू नका. ती काढायलाच आम्हाला जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे आम्ही लावतो. विंडोज अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच ठिकाणी प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक' (आधीचा ड्रायव्हर परत आणणं) करून बघा. ड्रायव्हर ठीक झाला की ॲक्सलरेशन परत चालू करायला विसरू नका.

जुनं मशीन असेल तर

इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरात पिढी लिहिलेली असते: आय५-४२०० म्हणजे चौथी, आय५-७२०० सातवी, आय५-१०२१० दहावी. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या घडीच्या प्रकारात (कोडेक) देतं. व्हीपी९ उलगडायची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आहे, एव्ही१ ची अकराव्यापासून. त्याआधीच्या मशीनवर बटण चालू असलं तरी चिपला ती घडीच ओळखता येत नाही. यावर फुकटचा इलाज म्हणजे 'एच२६४इफाय' (h264ify) हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. ते टाकलं की यूट्यूब जुना एच.२६४ प्रकार देतं, जो जुन्या चिपलाही जमतो. १०८०पी च्या वर मिळत नाही, पण १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर तसंही ७२०पी पुरतं. झालं की त्या काळ्या चौकटीत 'कोडेक्स' समोर व्हीपी०९ जाऊन एव्हीसी१ आलेलं दिसेल.

एसएसडीने हे झटके जात नाहीत. विकायला आम्हालाही आवडेल, पण त्याने मशीन लवकर चालू होईल, व्हिडिओचं गणित तेच राहील. रॅमची दुसरी पट्टी मात्र उपयोगी पडते, कारण साधं ग्राफिक्स मशीनच्याच रॅमवर चालतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला रस्ता रुंद मिळतो. नवीन घेणारच असाल तर आम्ही सेकंडहँडमध्येही आठव्या पिढीच्या खालचं ठेवत नाही, ते याच कारणासाठी.

पहिली दहा मिनिटं छान, मग झटके, असं असेल तर सेटिंग सोडा, पंखा बघा. यंत्रमाग कारखान्याच्या किंवा टॉवेल-चादरीच्या गोडाऊनच्या ऑफिसातली मशीन उघडली की पंख्यापुढच्या जाळीवर कापसाच्या लवेची अक्षरशः गादी निघते. हवा कोंडते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. वर एप्रिल-मेमधलं चाळीसच्या पुढचं ऊन. अशा ठिकाणची मशीन फेब्रुवारीतच सर्व्हिसला आणा: सफाई, थर्मल पेस्ट, एका दिवसात परत. ब्लोअर घरी मारायचा झाला तर पंखा काडीने अडवून मगच मारा.

याच कारणाने आम्ही लॅपटॉप एक रात्र ठेवून घेतो. पाच मिनिटं लावून "चालतंय की" म्हणणं सोपं आहे. आम्ही दोन तास व्हिडिओ लावून तापलेल्या मशीनवर ड्रॉप्डचा आकडा बघतो. तपासणीचे पैसे आधी घेतो आणि काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा करतो.

लॅपटॉप आणताना चार्जरही आणा. बॅटरी उतरली की क्रोमचा 'एनर्जी सेव्हर' स्वतःहून व्हिडिओचा वेग कमी करतो, आणि मग खरा दोष कोणता ते आम्हालाही सांगता येत नाही. ज्या व्हिडिओला झटके येतात त्याची लिंक चिठ्ठीवर लिहून चिकटवलीत तर काम निम्म्या वेळात होईल.