आधी वळण, मग थांबणं: उडीच्या घोड्याच्या बिटाची पार्श्वभूमी

शो जंपिंगमध्ये ताकदवान घोडा असलेल्या स्वाराची तक्रार बहुधा एकच असते. अडथळा पार झाला की घोडा सुसाट सुटतो आणि पुढच्या वळणाला वळत नाही. मग आणखी कडक बिटाचा शोध सुरू होतो. बिट म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा धातूचा भाग. कडक बिटानं घोडा थांबतो, पण अनेकदा वळतो आधीपेक्षाही कमी. थांबवणं आणि वळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बिटांच्या इतिहासात त्यांच्या वाटाही वेगळ्या राहिल्या.

सुमारे चार हजार वर्षांपूर्वी उरल पर्वताच्या पूर्वेला, सिंताश्ता संस्कृतीत, रथाच्या घोड्यांच्या गालांवर हाडाच्या किंवा शिंगाच्या चकत्या बसवत. चकतीच्या आतल्या बाजूला टोकं असत. उजवा लगाम ओढला की डावी चकती डाव्या गालाला टोचे आणि घोडा उजवीकडे वळे. रथ हाकणाऱ्याला घोड्याला टाच लावता येत नाही, त्यामुळे दिशेचा इशारा गालावरच द्यावा लागे.

स्वार पाठीवर बसू लागले तशी ही गरज मागे पडली. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफोन या सैनिक-लेखकानं सल्ला दिला की स्वाराकडे निदान दोन बिटं असावीत, एक गुळगुळीत आणि एक टोकदार. टोकदार बिट सोसलेला घोडा गुळगुळीत बिट खुशीनं घेतो, असं त्याचं म्हणणं. पुढे युरोपात केल्ट लोकांच्या काळापासून तरफेचं बिट, म्हणजे कर्ब, दिसू लागतं. त्याला तोंडाखाली लोंबणाऱ्या दांड्या असतात. लगाम दांडीच्या टोकाला जोडला की हाताचा जोर कित्येक पट होऊन तोंडावर पडतो. एका हातात भाला किंवा तलवार असलेल्या स्वाराला हे सोयीचं होतं. दोन्ही लगाम दुसऱ्या हातात धरायचे, आणि वळवायचं ते मानेवर लगाम टेकवून व मांडीच्या दाबानं. १५५० मध्ये नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोनेनं अश्वविद्येवर ग्रंथ छापला. त्यातल्या बिटांची चित्रं पाहून आजही अंगावर काटा येतो. आपल्याकडे १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी बिटावर बंदी घातली, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात ते अजून सापडतं. ही क्रूरता आहे, आणि ती पाहूनही गप्प राहणं मला पटत नाही.

उडीच्या खेळाला दिशा दिली ती इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली यांनी. त्यांच्याआधी स्वार अडथळ्यावर मागे रेलत आणि तोल जाताना घोड्याच्या तोंडावर लटकत. काप्रिल्लींनी स्वाराला पुढे झुकवलं, घोड्याची मान मोकळी सोडली आणि साधं स्नॅफल वापरायला शिकवलं. या बिटात तरफ नसते, लगाम थेट कडीला जोडलेला असतो. १९०२ मध्ये तुरिनला त्यांनी मेलोपो नावाच्या घोड्यावर २.०८ मीटर उडी घेतली. १९०७ मध्ये घोड्यावरून पडूनच त्यांचा मृत्यू झाला, पण त्यांची बैठक जगभर पसरली.

त्यानंतर मैदानाची आखणी बदलत गेली. नुसत्या उंचीपेक्षा अडथळ्यांमधली अंतरं आणि वळणं अवघड होत गेली. बरोबरी सुटते ती घड्याळावर, त्यामुळे जम्प-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या फेरीत, आखूड वळण घेणारा जिंकतो. घोडा अडथळ्याच्या बाजूनं निसटला तर ४ दंडगुण, आणि आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दुसऱ्यांदा तसं झालं की स्वार बाद. म्हणजे स्टीअरिंग पुन्हा बिटाच्या कामात आलं, आणि हाताशी होती ती मुख्यतः थांबवण्यासाठी घडलेली साधनं. गॅग हे एकाखाली एक तीन कड्या असलेलं तरफेचं बिट. त्याच्या खालच्या कडीला एकच लगाम लावून ओढला तर आख्खं बिट फिरतं. दाब जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यांवर आणि कानांमागच्या पट्ट्यावर जातो. डावं की उजवं हे घोड्याला नीट कळतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे: वळणाची अडचण असेल तर आधी गालाचा विचार करावा. फुल चीक स्नॅफलच्या उभ्या दांड्या नेमकं ते जुन्या चकत्यांचं काम करतात, फक्त टोचत नाहीत. डी-रिंगची, म्हणजे इंग्रजी D आकाराच्या कडीच्या बिटाची, सरळ बाजूही तसाच दाब देते आणि बिट तोंडातून आडवं सरकू देत नाही. सैल कडीच्या बिटात हा बाजूचा इशारा कमी पोचतो. घोडा खरोखरच अनावर होत असेल आणि तरफ टाळता येत नसेल, तर गॅग किंवा पेल्हमला (स्नॅफल आणि कर्ब यांच्या मिश्रणाला) दोन लगाम लावावेत: वरचा मोठ्या कडीवर वळण्यासाठी, खालचा फक्त गरज पडेल तेव्हा. दोन लगाम सांभाळायला हात शिकावे लागतात, म्हणून अनेक जण दोन्ही कड्या चामड्याच्या पट्टीनं जोडून एकच लगाम लावतात. तसं केलं की दोन कामं पुन्हा एकत्र मिसळतात.

१९८० च्या दशकात घोड्यांच्या हालचालींच्या अभ्यासक हिलरी क्लेटन यांनी क्ष-किरणांनी घोड्याच्या तोंडात बिट कसं हलतं ते पाहिलं. घोडा जिभेनं बिट उचलतो, मागे ढकलतो, दाढांमध्येही धरतो. म्हणून एकाच बाजूला वळायला नकार देणाऱ्या घोड्याचं बिट बदलण्याआधी दात तपासून घ्यावेत. दाढांपुढचा छोटा ‘वुल्फ टूथ’ बिटाला लागत असेल, तर कोणतंही नवं बिट त्याच जागी दुखवणार.