सांत्वनाच्या प्रार्थनेमागचा इतिहास

घरातलं कुणी गेलं की पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत दफनानंतर थोड्या दिवसांनी सांत्वनाची प्रार्थना ठेवतात. आत्या गेली तेव्हा गुरुवार पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत अशीच सभा भरली होती. मांडववाल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टुलावर तिचा फोटो, खाली सतरंजीवर पेटी आणि ज्याच्या त्याच्या मांडीवर ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक. पाळकसाहेब थोडकंच बोलले, गीतं मात्र तासभर चालली. शेजारच्या काकू रोज पोथी वाचणाऱ्या. त्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिसऱ्या गीताला त्यांचेही ओठ हलू लागले. शब्द त्यांना ठाऊक नव्हते, पण चाल अभंगाची होती.

पुण्यात ख्रिस्ती उपासना पेशवाईपासून आहे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चसाठी १७९२ मध्ये सवाई माधवरावांनी जागा दिली, ती आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांच्या सोयीसाठी. बायबलचा नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीत छापून आला. तरी पुढची कित्येक वर्षं चर्चमध्ये गायची गीतं बरीचशी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. आनंदाच्या दिवशी परकी चाल निभावून जाते, पण घरात मयत झाल्यावर माणसाला रडायला आपलीच चाल लागते, असं मला वाटतं.

ती चाल ख्रिस्ती गीतांत आणली कवी नारायण वामन टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. मला यातला तुकोबा महत्त्वाचा वाटतो, कारण देहू पुण्यापासून फार लांब नाही आणि तुकोबांचं दुःखही पुस्तकी नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मूल अन्नावाचून गेलं. त्यानंतरचे त्यांचे अभंग विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला जाब विचारतात. देवापुढे गाऱ्हाणं घालणं म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे मराठी माणूस तिथे शिकलेला आहे.

बायबललाही हे नवं नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन अनेक चर्चमध्ये ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश होतात. चौथा उद्गार आला की देऊळ अगदी गप्प होतं. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. ख्रिस्ताने मरताना जुनंच गाऱ्हाणं उच्चारलं. ख्रिस्ती सांत्वन उभं आहे ते यावर: दुःखाचं कारण सांगणारा देव इथे नाही, दुःखात उतरलेला देव आहे.

हे ज्यांनी जगून दाखवलं त्या पंडिता रमाबाईंबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण गेली. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी भागवत मुखोद्गत असलेली. भावाबरोबर मैलोन्‌मैल पायी चालत कलकत्त्याला पोचली. १८८० मध्ये भाऊ गेला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पोटची मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि पंचहौदात काम करणाऱ्या, इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी त्यांची ओळख झाली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने टाकलेल्या बायकांना या भगिनी कशा मायेने सांभाळतात ते त्यांनी पाहिलं, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची बायबलमधली गोष्ट ऐकली, आणि सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षं लागली. दुःखितांना घाईने धीर द्यायला निघालेल्या प्रत्येकाने ही आठ वर्षं ध्यानात ठेवावीत.

मुंबईत १८८९ मध्ये विधवांसाठी सुरू झालेलं शारदा सदन त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात आणलं. १८९३ मध्ये वादळ उठलं. विधवांना आसरा देण्याच्या नावाखाली बाटवाबाटवी चालते, असा ‘केसरी’चा आरोप होता. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. शंका घेणारे सगळे दुष्ट नव्हते. सांत्वन आणि धर्मांतर यांच्यातली सीमारेषा कुठे, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. पण ज्या मुलींना परत न्यायला कुणीच आलं नाही, त्यांच्यासाठी दार उघडं राहिलं तेही रमाबाईंचंच.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्यात त्यांना स्वतःचं बालपण दिसलं, आणि त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या मुली ठेवायला मनाई झाली. त्यांनी मुलींना केडगावला आपल्या शेतावर नेलं. तेच मुक्ती सदन. तिथे आधी पोटात अन्न, अंगावर धडुतं, डोक्यातल्या उवा, अंगावरच्या जखमा. प्रार्थना त्याच्या बरोबरीने. १९०५ मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली. मुली मोठमोठ्याने रडत एकत्र प्रार्थना करू लागल्या. बाहेरच्यांना ते विचित्र वाटलं असेल. दुष्काळात आई-बाप गमावलेल्या पोरींना मोकळं रडायला जागा मिळाली होती, असंच मी ते वाचते.

शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते अशा सोप्या मराठीत आणलं, की केडगावच्या अल्पशिक्षित बायकांनाही कळावं. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी सदनातल्या बायकाच करत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षं जिच्यासाठी आणि जिच्या सोबतीने सारं चाललं, ती एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी कामाला खंड पडू दिला नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि बायकांनी ते बायबल पुढे छापून पुरं केलं.