ग्रीसच्या बेटांवर फिरायला जाण्यासाठी शेंगेन व्हिसा: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

सँटोरिनी, मिकोनोस, क्रीट, रोड्स, कॉर्फू यांपैकी कुठल्याही बेटासाठी वेगळा व्हिसा नसतो. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जायचं तर ग्रीसचा अल्पमुदतीचा, ‘सी’ प्रकारचा शेंगेन व्हिसा (शेंगेन म्हणजे एकच व्हिसा चालणारा युरोपीय देशांचा गट) लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं; प्रत्यक्षात किती दिवस मिळतील ते तुमच्या अर्जातल्या कार्यक्रमावर ठरतं.

तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर ‘उतरल्यावर व्हिसा मिळतो’ असे मेसेज फिरत असतात. ही माहिती अर्धीच आहे. २०२४ पासून ग्रीसने त्या भागातल्या काही बेटांवर सात दिवसांचा झटपट व्हिसा सुरू केला, पण तो तुर्की नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी. भारतीय पासपोर्ट घेऊन तुर्कस्तानातल्या बोद्रुमहून ग्रीसच्या कोस बेटावर निघालात तर बोटीवरच घेणार नाहीत, किंवा बंदरावरून परत पाठवतील. अमेरिकेच्या किंवा ब्रिटनच्या व्हिसावरही ग्रीसमध्ये शिरता येत नाही. जर्मनी किंवा नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशाचा चालू निवास परवाना असेल, तर मात्र वेगळा व्हिसा लागत नाही. ‘एटियास’ ही ऑनलाइन परवानगी ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे. तिच्या नावाखाली भारतीय प्रवाशाकडे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

अर्ज ग्रीसकडे करायचा का, आणि कुठून?

ज्या शेंगेन देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. रोममध्ये तीन रात्री आणि नॅक्सॉस-सँटोरिनीला सहा असतील, तर विमान आधी रोमला उतरत असलं तरी अर्ज ग्रीसकडेच. दिवस सारखे असतील तर पहिला प्रवेश ज्या देशात, त्याच्याकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून मग ग्रीसला जायचा मार्ग अनेक जण धरतात. हॉटेलच्या बुकिंगवरून हे उघड होतं आणि अर्ज तिथेच अडकतो.

अर्ज तुम्ही कायदेशीररीत्या राहता त्या देशातून करायचा. महाराष्ट्रातल्या अर्जदारांना मुंबईचं व्हिसा अर्ज केंद्र सोयीचं. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी तिथूनच, तिथला निवास परवाना जोडून अर्ज करावा. केंद्र चालवणारी कंपनी कंत्राटानुसार बदलत असते, म्हणून तिचं नाव दरवेळी ग्रीसच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावं. केंद्र फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतं. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो, त्यामुळे ‘आमची आत ओळख आहे’ म्हणणाऱ्या एजंटला त्या कामाचे पैसे देण्यात अर्थ नाही.

एक प्रवेश की अनेक?

बेटांच्या सहलीत हा प्रश्न हमखास दुर्लक्षित राहतो. रोड्सहून मार्मारिस, कोसहून बोद्रुम, सामोसहून कुशादासी, खिओसहून चेश्मे या बोटी दिवसभराच्या सहली म्हणून विकल्या जातात. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. एक-प्रवेश व्हिसावर सकाळी मार्मारिसला गेलात की तुमचा प्रवेश संपला. संध्याकाळी रोड्सला परत येता येणार नाही, सामान हॉटेलात असलं तरीही. इस्तंबूलहून सुटणाऱ्या आणि मध्ये पुन्हा तुर्की बंदर घेणाऱ्या क्रूझचीही तीच गोष्ट. सायप्रसही शेंगेनबाहेर आहे. असा कार्यक्रम असेल तर फॉर्मवर दोन किंवा अनेक प्रवेशांची मागणी करा, अर्जासोबतच्या पत्रात कारण लिहा आणि त्या बोटीचं किंवा क्रूझचं आरक्षण जोडा. पुराव्याशिवाय मागितलेले अनेक प्रवेश पहिल्याच अर्जात क्वचित मिळतात. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा काढावा लागतो हे ओघाने आलंच.

कधी अर्ज करायचा?

प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची. कागद तपासायला वेळ हवा असेल तर ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. खरी अडचण अपॉइंटमेंटची. भारतातली उन्हाळी सुट्टी आणि ग्रीसचा हंगाम एकाच वेळी येतात, त्यामुळे मे-जूनच्या तारखा फार लवकर भरतात. जूनमध्ये जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फाइल तयार हवी.

कागदपत्रं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, शेंगेनमधून परतायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि त्यात किमान दोन पानं कोरी हवीत. जुन्या पासपोर्टवर शेंगेन, ब्रिटन, अमेरिका यांचे व्हिसे असतील तर त्यांच्याही प्रती द्या. फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, फिकट पार्श्वभूमीचा आणि सहा महिन्यांच्या आतला. पुन्हा व्हिसा काढताना जुनाच फोटो चिकटवलेला लगेच ओळखू येतो.

आरोग्य विमा किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी चालणारा हवा. तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला असावा. याला निव्वळ कागदी अट समजू नका. छोट्या बेटांवर फक्त आरोग्य केंद्र असतं, आणि हाड मोडलं किंवा हृदयाचा त्रास झाला तर रुग्णाला हवाई मार्गाने मोठ्या बेटावर किंवा अथेन्सला हलवावं लागतं. पॉलिसी घेताना हा खर्च आणि आधीच्या आजारांचं कलम दोन्ही वाचून घ्या.

उत्पन्नाचे कागद तुमच्या व्यवसायानुसार. नोकरदारांनी गेल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र आणि आयकर विवरणपत्रं, व्यावसायिकांनी गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक आणि कंपनीच्या खात्याचाही उतारा, निवृत्तांनी पेन्शनचा आदेश, विद्यार्थ्यांनी बोनाफाइड. शेतीवर उत्पन्न असेल तर सातबारा आणि ८-अ चालतात, पण इंग्रजी भाषांतरासह आणि पूरक म्हणूनच. मुख्य आधार बँकेचा उतारा. गृहिणींच्या अर्जात पती किंवा मुलांचं खर्चाची हमी देणारं पत्र, त्यांचे आर्थिक कागद आणि नात्याचा पुरावा हवा.

बँकेचा उतारा किमान गेल्या तीन महिन्यांचा, शक्यतो सहा महिन्यांचा, बँकेच्या शिक्क्यासह द्या. ग्रीसच्या संदर्भ रकमेनुसार माणशी रोज ५० युरो, आणि पाच दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला किमान ३०० युरो हवेत. अल्पवयीन मुलांसाठी निम्मे. दोघांच्या बारा दिवसांना हे १,२०० युरो होतात. पण ही तळाची रेघ आहे. सँटोरिनीतलं ज्वालामुखीच्या विवराकडे तोंड असलेलं महागडं हॉटेल आणि खात्यात जेमतेम तेवढीच शिल्लक, अशी फाइल पाहून अधिकारी विचारणारच की पैसे कुठून येणार. अर्जाच्या आधल्या आठवड्यात एकदम दोन-तीन लाख जमा झाले असतील तर ते कुठून आले याचा कागद जोडा: मोडलेली मुदतठेव, बोनस, जमिनीचा व्यवहार. नुसती मुदतठेवीची पावती लावून बचत खातं रिकामं दाखवणं टाळा.

मराठी नावांचा घोळ वेगळाच असतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा पतीचं नाव मधे, बँकेत फक्त आद्याक्षरं, विवाह नोंदणीत माहेरचं आडनाव, आणि विमान तिकिटावर मधलं नाव गायब. फॉर्म, तिकीट आणि विमा या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. लग्नानंतर पासपोर्ट जुन्याच नावाने असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. दाखला मराठीत असेल तर नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर सोबत. मुलं एकाच पालकासोबत जात असतील तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो.

फाइल पडते ती तारखांवर

अधिकाऱ्यासमोर सहा-सात कागद असतात आणि प्रत्येकावर तारखा असतात: विमान, हॉटेलं, बोटी, विमा, रजा. त्या एकमेकींना जुळल्या पाहिजेत. पत्रात दिवसवार तक्ता द्या. उदाहरणार्थ, १० जूनला अथेन्समध्ये आगमन आणि दोन रात्री. १२ ला पिरेयसहून (अथेन्सचं बंदर) बोटीने नॅक्सॉस, तीन रात्री. १५ ला बोटीने सँटोरिनी, चार रात्री. १९ ला अथेन्स, दोन रात्री. २१ ला परतीचं विमान. प्रत्येक ओळीसमोर त्या दिवसाच्या आरक्षणाचा क्रमांक.

भोकं पडतात ती बोटींमुळे. पिरेयसहून क्रीटमधल्या हेराक्लिओनला जाणारी रात्रीची बोट घेतली तर त्या रात्री हॉटेल नसतं. तक्त्यात ‘मुक्काम जहाजावर’ असं लिहून केबिनचं आरक्षण जोडलं नाही, तर ती रात्र निवासाशिवायची दिसते. मध्यरात्रीनंतर बेटावर पोचणाऱ्या बोटीत याच्या उलट चूक होते: हॉटेल दुसऱ्या दिवसापासून घेतलं जातं आणि पहाटेची खोली राहून जाते. उन्हाळ्याची वेळापत्रकं बऱ्याचदा उशिरा जाहीर होतात. तोवर मार्ग आणि कंपनीचं नाव लिहून ‘आरक्षण खुलं होताच’ अशी टीप टाकावी. खोटं तिकीट बनवू नये.

हॉटेलं रद्द करता येण्याजोगी घ्या, पण निर्णय येईपर्यंत रद्द करू नका. दूतावास हॉटेलला विचारू शकतो. भाड्याचं घर असेल तर जाहिरातीवर ग्रीक कर खात्याचा नोंदणी क्रमांक, ज्याला तिथे ‘आमा’ म्हणतात, तो आहे का पाहा. विमानाचंही पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नये, आरक्षण पुरतं.

परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र अथेन्समध्येच ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी वारा सुटतो, आणि तो वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफोर्ट मापकावर ८ च्या आसपास गेला की बंदर अधिकारी बोटींना निघायला मनाई करतात. त्या दिवशी बेटावर अडकलात तर विमान चुकतंच, शिवाय व्हिसाचे दिवसही संपू शकतात.

शुल्क आणि अपॉइंटमेंटचा दिवस

११ जून २०२४ पासून व्हिसा शुल्क ९० युरो आहे. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखाली काही नाही. ते रुपयांत भरायचं, वर केंद्राचं सेवा शुल्क. एसएमएस, कुरिअर, विशेष कक्ष हे सगळं ऐच्छिक. काउंटरवर ते गृहीत धरून बिल केलं जात असेल तर नाही म्हणा. नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही.

बोटांचे ठसे ५९ महिने चालतात. त्या मुदतीत आधीच्या शेंगेन व्हिसासाठी दिले असतील तर तारीख फॉर्ममध्ये लिहा. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. फॉर्मवरच्या सगळ्या सह्या पासपोर्टवरच्या सहीसारख्या हव्यात.

२०२४ च्या एप्रिलपासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना एक सवलत आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळाले असतील आणि नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक-प्रवेश व्हिसा, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा मिळू शकतो. तसं असेल तर पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि जुन्या व्हिसा स्टिकरांच्या व शिक्क्यांच्या प्रती पुढे ठेवा.

स्टिकर हातात आल्यावर

केंद्रातून बाहेर पडण्याआधी नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशांची संख्या आणि दिवस तपासा. ‘पासून-पर्यंत’ आणि ‘मुक्कामाचे दिवस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टिकरवर १० जून ते ६ जुलै आणि १२ दिवस असं असेल, तर ६ जुलैपर्यंत राहता येत नाही; त्या कालावधीत बाराच दिवस. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. आखाती देशांमार्गे येणारी काही विमानं अथेन्सहून मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि २१ तारखेची रात्र समजून काढलेलं तिकीट २२ तारखेचं निघतं. अर्ज करतानाच तो दिवस धरा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली. चेहऱ्याचा फोटो घेतला जातो आणि दिवसांची मोजणी संगणक करतो, त्यामुळे एक दिवस जास्त झालेलाही दिसतो. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ही तपासणी तिथेच होते, अथेन्सला नाही. हॉटेल, परतीचं तिकीट आणि विम्याच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. अधिकारी व्हिसा असतानाही त्या मागू शकतो.

नकार आला तर पत्रात ठरावीक कारणांपैकी काहींवर खूण असते, आणि अपील कुठे व किती दिवसांत करायचं तेही असतं. ‘मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती पटली नाही’ या कारणामागे बहुधा कच्चा तक्ता किंवा न जुळणारी आरक्षणं असतात. ‘परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका’ यामागे नोकरी-घराचे अपुरे कागद. तीच फाइल पुन्हा लगेच देऊन काही होत नाही. नकाराची नोंद शेंगेनच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षं राहते, तेव्हा दुसऱ्या देशाकडे अर्ज करताना ती लपवू नका.

व्हिसाबाहेरचे दोन खर्च आणि एक परवाना

हॉटेलच्या बिलात हवामान कर वेगळा लागतो: एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकितला खोलीमागे रोज ५ युरो, चारला १०, पाचला १५. क्रूझने सँटोरिनी किंवा मिकोनोसला उतरणाऱ्यांना जुलै २०२५ पासून जून ते सप्टेंबर माणशी २० युरो शुल्क आहे.

बेटावर गाडी, स्कूटर किंवा चार चाकी एटीव्ही भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढा: फॉर्म ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तो नसताना गाडी देणारे दुकानदार भेटतात. पण अपघात झाला तर गाडीचा विमा आणि तुमचा प्रवास विमा दोघेही योग्य परवाना नसल्याचं कारण देऊन दावा फेटाळू शकतात.