अ‍ॅसिडचा वाफारा आणि क्लोरीन: ठसका सारखा, इजा वेगळी

दिवाळीच्या साफसफाईत मावशीने संडासात अ‍ॅसिड ओतलं. डाग निघेनात म्हणून वर टीसीएल पावडर भुरभुरली आणि दार लोटून घासत बसली. दहा मिनिटांत खोकत बाहेर. "अ‍ॅसिडचा वास गेला गं नाकात!" पण तो वास अ‍ॅसिडचा नव्हताच.

नुसत्या अ‍ॅसिडच्या बाटलीतून उठतो तो हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वाफारा. पाण्यात तो झटकन विरघळतो, त्यामुळे बहुतेक नाका-घशाच्या ओलाव्यातच अडकतो. झोंबतो असा की माणूस ब्रश टाकून पळतो, आणि त्या पळण्यानेच फुफ्फुसं वाचतात. (कोंडलेल्या जागेत हटून बसलं तर तोही खाली पोहोचतो.)

टीसीएल म्हणजे गावात विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर. ती किंवा कपड्यांचं लिक्विड ब्लीच अ‍ॅसिडमध्ये पडलं की क्लोरीन सुटतो. 1915 च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडला, तोच वायू. पाण्यात तो त्यामानाने कमी विरघळतो. डोळे चुरचुरतात, पण वायू जास्त असला तर तो नाक ओलांडून बारीक श्वासनळ्यांत, वायुकोशांपर्यंत (फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत) उतरतो आणि तिथल्या ओलाव्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस अ‍ॅसिड होतं. म्हणजे अ‍ॅसिड दोन्हीकडे आहेच. एक ओसरीवर अडतं, दुसरं माजघरात शिरून तयार होतं. त्यात हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. उकिडवं बसून घासणाऱ्याच्या तोंडाशीच साचतो.

वाफाऱ्याची जळजळ मोकळ्या हवेत सहसा ओसरत जाते. क्लोरीन जास्त गेला असेल तर मात्र मध्ये बरं वाटून काही तासांनी धाप लागू शकते, कारण वायुकोशांत पाणी भरू लागतं. त्यावर उतारा असा नाही. ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि डॉक्टरांची नजर. शेजारच्या काकूंनी मावशीला गूळ दिला होता. गुळाचा खडा घशातून पोटात जातो, श्वासनळीत नाही. दवाखान्यातही "अ‍ॅसिडचा वास गेला" एवढंच सांगू नये. कशात काय मिसळलं ते सांगावं, बाटली आणि पुडीचा फोटो दाखवावा.

आधी दमा नसलेल्यालाही अशा एका प्रसंगानंतर दम्यासारखा त्रास महिनोन्‌महिने राहू शकतो. मावशीला संक्रांतीपर्यंत मिरचीच्या फोडणीनेही धाप लागायची. ती अजून म्हणते, अ‍ॅसिडनं झालं.