पोर्ट उघडं, डेटाबेस झोपलेला

शेजारच्या काकांनी परवा हाक मारून त्यांच्या कॉम्प्युटरची मागची बाजू दाखवली. सगळ्या खोबणींवर काळी चिकटपट्टी. कुठल्याशा मेसेजमध्ये ‘अनावश्यक बंदरे बंद ठेवा’ असं शुद्ध मराठीत आलं होतं. ‘बंदर म्हंजे हेच ना बे? नाही तर आपल्या नागपुरात समुद्र कुठून आला?’ काका म्हणाले.

काकांना हसायचा मला फारसा हक्क नाही. दोन वर्षांपूर्वी आम्हीही पोर्टचा असाच चुकीचा अर्थ लावून बसलो होतो, आणि आम्हाला तर लोकांचे सर्व्हर सांभाळायचा पगार मिळतो.

मेसेजमधलं पोर्ट म्हणजे खोबण नव्हे. तो नुसता आकडा आहे, १६ बिटांचा, म्हणून ० ते ६५,५३५ मधला कुठलाही. आयपी पत्ता तुम्हाला अपार्टमेंटपर्यंत आणतो, पोर्ट फ्लॅट नंबर सांगतं. एकाच मशीनवर वेबसाइट, मेल आणि डेटाबेस गुण्यागोविंदानं नांदतात ते यामुळे. डेटाबेसवाल्यांचे फ्लॅट ठरलेले आहेत: मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२, ओरॅकल १५२१, मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर १४३३. रेडिस नावाच्या डेटाबेसचा ६३७९ कुठून आला माहितीये? जुन्या फोनच्या बटणांवर एका इटालियन अभिनेत्रीचं आडनाव, ‘मर्झ’, दाबलं की तो उमटतो. रेडिस लिहिणाऱ्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांची ही गंमत.

आकडा असा गमतीनं ठरतो, तरी आमच्या एका ग्राहकानं बेरीज ९ येईल असंच पोर्ट मागितलं होतं, गाडीच्या नंबरासारखं. दिलं. पण शुभ आकड्यानं चोर अडत नाही. सगळी ६५,५३६ दारं वाजवून बघणारे प्रोग्राम फुकट मिळतात. दाराआडचा प्रोग्राम कच्चा असला तर काय होतं, ते २५ जानेवारी २००३ ला दिसलं. एसक्यूएल सर्व्हरच्या सोबतीच्या १४३४ पोर्टवर ३७६ बाइटांचा स्लॅमर नावाचा किडा, म्हणजे आपला आपण पसरणारा प्रोग्राम, येऊन पडायचा. शिरकाव होण्याजोग्या मशीनपैकी सुमारे ९० टक्के त्यानं दहा मिनिटांत गाठली. दुरुस्ती सहा महिने आधीच निघालेली होती, लोकांनी लावली नव्हती, एवढंच.

आता आमची फजिती. कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्याचं बिलिंग आमच्याकडे होतं. आंबिया बहाराची संत्री येत होती, गाड्यांची रांग लागलेली, आणि सकाळी सातला फोन: ‘भाऊ, काटा पावती निघूनच नाही राहिली.’ मी स्क्रीन बघितली. डेटाबेसपुढे हिरवा दिवा. ‘आमच्याकडे तर सगळं चालू दिसतं,’ असं मी सांगून टाकलं. हे वाक्य मला अजून टोचतं.

तो दिवा लागायचा कसा? ऑफिसमधलं मॉनिटरिंगचं मशीन दर मिनिटाला ३३०६ वाजवायचं, दार उघडलं की हिरवा दिवा लावायचं आणि काहीही न बोलता निघून जायचं. त्या सर्व्हरवर झॅबिक्स या मशीनवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा एजंटही बसवलेला होता. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली हे त्यानं १००५० वर सांगायचं असतं. पण फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या कुंपणात, १००५० कुणी उघडलंच नव्हतं. तो चौकोन पहिल्या दिवसापासून राखाडी होता, आणि राखाडीची आम्हाला सवय झाली होती.

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण दार उघडतं कोण हा प्रश्न मला फार आवडतो.

टीसीपीत, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या रीतीत, जोडणी तीन पावलांत होते. येणारा ‘सिन’ पाठवतो, समोरून ‘सिन-अ‍ॅक’ येतो, येणारा ‘अ‍ॅक’ म्हणतो. आपल्याला वाटतं समोरून मायएसक्यूएल बोललं. तसं नसतं. ही तिन्ही पावलं ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, परस्पर उरकतो. डेटाबेसनं सुरू होताना एकदाच ‘३३०६ वर कुणी आलं तर घे’ असं सांगून ठेवलेलं असतं. कर्नल म्हणजे गेटवरचा चौकीदार. ‘या, बसा,’ म्हणतो आणि पाहुण्याला बाकड्यावर बसवतो. साहेब जागे आहेत की नाहीत, हे तो बघत नाही. बाकड्याला मर्यादा असते. लिनक्समध्ये ती आधी १२८ होती, कर्नल ५.४ पासून ४०९६. बाकडं भरेपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला दार उघडंच दिसणार. त्या पोर्टवर कुणी ऐकतच नसेल तर ‘नाही’ म्हणणाराही चौकीदारच, तो तडक नकार देतो. आणि फायरवॉल आडवी असली तर बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही, पाहुणा वाट बघून कंटाळतो. आमच्या १००५० चं तेच झालं होतं.

मला हे पटायला हातानं करून बघावं लागलं. घरच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल चालू केलं आणि त्याला थांबण्याचा सिग्नल दिला. प्रोग्राम मेला नाही, नुसता गोठला. दुसऱ्या खिडकीतून टेलनेट या जोडणी करून बघायच्या प्रोग्रामनं ३३०६ वाजवलं, तर ‘जोडलं गेलं’ असं लगेच आलं! पुढे काळी स्क्रीन. जोडणी होताच मायएसक्यूएल स्वतःहून आपली आवृत्ती सांगत नमस्कार करतं, तो नमस्कार काही येईना. पुन्हा चालू होण्याचा सिग्नल दिला आणि त्याच क्षणी अर्धी वाचता येणारी, अर्धी चिन्हांनी भरलेली ओळ उमटली. पोस्टग्रेसवर हा खेळ असा रंगत नाही, तिथे आधी पाहुण्यानं बोलायचं असतं.

कळमन्यात मात्र डेटाबेस गोठलाही नव्हता, नमस्कारही येत होता. डिस्क भरली होती. अशा वेळी मायएसक्यूएल लिहिणाऱ्याला हाकलत नाही, थांबवून ठेवतं, आणि जागा झाली का हे मिनिटामिनिटाला बघतं. म्हणजे आत शिरून ‘सिलेक्ट १’ हा काहीही न लिहिणारा साधा प्रश्न विचारला असता तरी उत्तर आलं असतं आणि दिवा हिरवाच राहिला असता. काटा पावतीला मात्र टेबलात ओळ लिहावी लागते. जुन्या बॅकअपच्या फाइली उडवल्या, तेव्हा अडकलेल्या पावत्या एकामागून एक सुटल्या.

मग ठरलं की नुसतं दार वाजवायचं नाही. मॉनिटरिंगनं लॉगिन करायचं, एका छोट्या टेबलात त्या मिनिटाची वेळ लिहायची आणि ती वाचून परत यायचं. १००५० पण उघडलं, फक्त आमच्या ऑफिसच्या आयपीपुरतं. हे झॅबिक्सलाच लागतं असं नाही. प्रोमिथियस हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे ९१०० वरून मशीनचे आकडे घेतात, तिथेही ३३०६ वर नुसती टकटक केली तर असंच फसाल.

नव्या तपासणीचं पहिलंच लॉगिन डेटाबेसनं फेटाळलं. या होस्टकडून, म्हणजे आमच्या मशीनकडून, फार चुका झाल्या, म्हणून प्रवेश बंद. मी चक्रावलो. मग कळलं की एकाच मशीनवरून ओळीनं शंभर जोडण्या अर्धवट सुटल्या की मायएसक्यूएल त्या मशीनला काळ्या यादीत टाकतं, शंभर ही ठरलेली मर्यादा. आमचं मॉनिटरिंग मिनिटाला एकदा दार वाजवून पळत होतं. म्हणजे बसवल्यापासून दोन तासांच्या आत त्याच्यावर बंदी आली असणार. पण आत बंदी असली तरी गेटवर चौकीदार ‘या, बसा’ म्हणायचाच, आणि तेवढ्यावर आमचा दिवा हिरवा राहायचा.

यादी पुसली, पुन्हा लॉगिन केलं, आणि टेबलात पहिली वेळ पडली.

काकांना यातलं दार आणि चौकीदार तेवढं सांगितलं. चिकटपट्टी त्यांनी काढली नाही. धूळ जात नाही म्हणाले.