सतरा वर्षांखालील महिला फुटबॉल विश्वचषक

मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघांसाठी फिफा ही जागतिक संघटना भरवत असलेली स्पर्धा. पहिली स्पर्धा २००८ साली न्यूझीलंडमध्ये झाली. २०२४ पर्यंत ती दर दोन वर्षांनी, सम वर्षांत होत असे. २०२५ पासून ती दरवर्षी होऊ लागली आहे. २०२५ अखेर झालेल्या नऊ स्पर्धांपैकी चार उत्तर कोरियाने आणि दोन स्पेनने जिंकल्या. दक्षिण कोरिया, फ्रान्स आणि जपान यांनी प्रत्येकी एक. २०२२ ची स्पर्धा भारतात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली आणि तिचा अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला गेला.

अधिकृत नावात ‘महिला’ असले तरी मराठी वर्तमानपत्रे बहुधा ‘मुलींची विश्वचषक स्पर्धा’ असेच लिहितात आणि वय पाहता तेच जास्त खरे आहे. ‘सतरा वर्षांखालील’ हे शब्द मात्र शब्दशः घेतले तर घोटाळा होतो. अट जन्मवर्षाची असते. २०२२ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००५ ते ३१ डिसेंबर २००७ या काळात जन्मलेल्या मुली पात्र होत्या. म्हणजे ऑक्टोबरात मैदानात उतरलेली एखादी मुलगी पावणेअठरा वर्षांची असू शकत होती, तर तिच्यासमोरची अजून पंधराचीही झालेली नसेल. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये तीन वर्षांच्या फरकाला कोणी विचारत नाही. या वयात तो उंचीत, वेगात आणि धक्का सोसण्याच्या ताकदीत लगेच दिसतो.

दोन वर्षांच्या अंतराचा आणखी एक परिणाम होता, त्याची चर्चा फारशी होत नसे. स्पर्धा सम वर्षी आणि मर्यादा सतराची, म्हणून वयाने सर्वांत मोठ्या, पूर्ण तयार झालेल्या खेळाडू नेहमी विषम सालच्या. सम सालात जन्मलेल्या मुलीला सोळाव्या वर्षी एकदाच संधी मिळे. पुढच्या वेळी ती अठराची होऊन बाद झालेली असे. दरवर्षी स्पर्धा घेण्याच्या निर्णयाने हा जन्मसालाचा जुगार संपला.

उशिरा आलेली स्पर्धा

मुलांसाठी अशी जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये चीनमध्ये सुरू झाली होती. तेव्हा ती सोळा वर्षांखालील गटाची होती. महिलांचा मुख्य विश्वचषकच १९९१ मध्ये सुरू झाला, तोही चीनमध्येच. तरुणींच्या वाट्याला पहिली जागतिक स्पर्धा आली ती २००२ मध्ये कॅनडात, एकोणीस वर्षांखालील गटात. एडमंटनच्या मैदानावर अमेरिका आणि यजमान कॅनडा यांचा अंतिम सामना पाहायला ४७ हजारांहून अधिक लोक आले आणि मुलींचे फुटबॉल पाहायला कोण येणार, या प्रश्नाचे उत्तर परस्पर मिळून गेले. २००६ मध्ये त्या स्पर्धेची मर्यादा वीस वर्षांची झाली आणि दोन वर्षांनी तिच्याखाली सतराचा गट आला. मुलांच्या मागे तेवीस वर्षे.

२०२४ पर्यंत स्पर्धेत १६ संघ असत: चार गट, प्रत्येक गटातून दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत, एकूण ३२ सामने. मोरोक्कोतील २०२५ च्या स्पर्धेपासून संघ २४ झाले. त्यात युरोप आणि आफ्रिकेला प्रत्येकी पाच, आशिया, दक्षिण अमेरिका आणि उत्तर-मध्य अमेरिकेला प्रत्येकी चार आणि ओशनियाला दोन जागा मिळाल्या. २०२९ पर्यंतच्या पाचही स्पर्धांचे यजमानपद मोरोक्कोकडे आहे. सामना मोठ्यांसारखाच ९० मिनिटांचा आणि पूर्ण आकाराच्या मैदानावर. अलीकडच्या स्पर्धांत बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ न देता थेट पेनल्टी शूटआउट होते. या वयातल्या पायांना दोन-तीन दिवसांआड सामने खेळायचे असतात, तेव्हा हे योग्यच म्हणायचे. मात्र पाच अंतिम सामन्यांचा निकाल निर्धारित वेळेत लागलेला नाही आणि त्यांतले चार पेनल्टींवर गेले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आशियाची मक्तेदारी आणि स्पेनची शिडी

नऊपैकी सहा विजेतेपदे आशियाई संघांची आहेत. २००८ मध्ये ऑकलंडला उत्तर कोरियाने अमेरिकेला जादा वेळेत २–१ असे हरवले. २०१० मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोत अंतिम सामना दक्षिण कोरिया आणि जपान यांच्यात झाला. ३–३ बरोबरीनंतर कोरियन मुली पेनल्टींवर जिंकल्या. दक्षिण कोरियाने फिफाची कोणतीही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती, पुरुष संघ धरूनसुद्धा. स्पर्धेत आठ गोल करणारी यो मिन-जी सर्वोत्तम खेळाडूही ठरली. २०१२ मध्ये अझरबैजानात फ्रान्सने उत्तर कोरियाला पेनल्टींवर रोखले, २०१४ मध्ये कोस्टा रिकात जपानने स्पेनला २–० ने नमवले, तर २०१६ मध्ये जॉर्डनमध्ये उत्तर कोरियाने पुन्हा पेनल्टींवर जपानला हरवले. जॉर्डनची स्पर्धा ही मध्यपूर्वेतली फिफाची पहिली महिला स्पर्धा. हिजाबला फिफाने २०१४ मध्ये परवानगी दिली होती. यजमान संघातील काही मुली तो घालून खेळल्या.

उत्तर कोरियाने २०२४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात स्पेनला पेनल्टींवर आणि २०२५ मध्ये राबातला नेदरलँड्सला ३–० असे हरवून सलग दोनदा चषक नेला. यामागे चमत्कार नाही. मुली लहानपणीच निवडायच्या आणि वर्षानुवर्षे एकत्र ठेवून सराव द्यायचा, ही तिथली सरकारी पद्धत. प्याँगयांगची आंतरराष्ट्रीय फुटबॉल शाळा २०१३ मध्ये सुरू झाली. बहुतेक देशांचे या वयाचे संघ स्पर्धेपूर्वी काही आठवडे शिबिरात भेटतात. समोर अनेक वर्षे एकत्र वाढलेला संघ असला की काय होते ते गुणफलकावर दिसते. पण याच देशाचा मोठ्या महिलांचा संघ २०१५, २०१९ आणि २०२३ या तिन्ही विश्वचषकांत नव्हता: आधी उत्तेजकांच्या प्रकरणातली बंदी, मग पात्रतेत अपयश, मग स्पर्धेतच नाव नाही. उलट मोठ्यांचा विश्वचषक चार वेळा जिंकणाऱ्या अमेरिकेला सतराखालचा चषक एकदाही मिळालेला नाही. तेव्हा या स्पर्धेच्या निकालावरून पुढच्या दहा वर्षांचे भाकीत करू नये.

अपवाद स्पेनचा. २०१० मध्ये तिसरा क्रमांक मिळवणाऱ्या संघात अलेक्सिया पुतेयास होती, २०१४ च्या उपविजेत्या संघात ऐताना बोनमाती. २०२१ ते २०२५ अशी सलग पाच वर्षे जगातील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा बॅलन डी’ऑर याच दोघींकडे राहिला. २०१८ मध्ये उरुग्वेत स्पेनने मेक्सिकोला २–१ असे हरवून पहिला चषक जिंकला. दोन्ही गोल क्लाउदिया पिनाचे. त्या संघाची गोलरक्षक काता कोय पाच वर्षांनी मोठ्यांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या गोलपोस्टमध्ये उभी होती. त्याच संघातल्या साल्मा पारायुएलोने २०१८ मध्ये सतराखालचा, २०२२ मध्ये विसाखालचा आणि २०२३ मध्ये मोठ्यांचा असे तिन्ही विश्वचषक जिंकले, तेही विसावा वाढदिवस येण्याआधी. स्पेनने या स्पर्धेकडे चषकापेक्षा शिडी म्हणून पाहिले, असे म्हणायला जागा आहे.

भारतातील स्पर्धा

भारताला यजमानपद मिळाले होते ते २०२० चे. कोलकाता, गुवाहाटी, भुवनेश्वर, अहमदाबाद आणि नवी मुंबई ही पाच शहरे ठरली होती. करोनामुळे स्पर्धा आधी २०२१ च्या फेब्रुवारीत ढकलली गेली, मग रद्दच झाली आणि भरपाई म्हणून २०२२ चे यजमानपद मिळाले. ही भरपाई देशाला होती, खेळाडूंना नव्हे. २००४ साली जन्मलेल्या जगभरच्या मुलींची या स्पर्धेची एकमेव संधी २०२० ची होती. २०२२ मध्ये त्या वयातून बाहेर पडल्या होत्या.

स्पर्धेला दोन महिने उरले असताना आणखी एक विघ्न आले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकीय समितीकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार होता. हा बाहेरचा हस्तक्षेप आहे, असे ठरवून ऑगस्टच्या मध्यात फिफाने महासंघाला निलंबित केले. निलंबन कायम राहते तर स्पर्धाही गेली असती. समिती बरखास्त झाल्यावर २६ ऑगस्टला ते उठले आणि ११ ऑक्टोबरला स्पर्धा सुरू झाली. शुभंकर होती इभा नावाची आशियाई सिंहीण. पंचांच्या मदतीला व्हिडिओ तपासणीची यंत्रणा या स्पर्धेत प्रथमच वापरली गेली.

भारतीय महिलांचा कोणत्याही वयोगटातील फिफा विश्वचषकातला हा पहिला प्रवेश होता, तोही यजमान म्हणून आपोआप मिळालेला. प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनर्बी होते, कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील अष्टम उराँव. पुण्याची काजोल डिसूझाही संघात होती. तिन्ही सामने भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाले: अमेरिकेकडून ०–८, मोरोक्कोकडून ०–३, ब्राझीलकडून ०–५. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. त्याच दिवसांत अष्टमच्या गावी तिच्या घरापर्यंत रस्ता बांधला जात होता आणि त्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत असल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. कर्णधार झाल्यावर रस्ता पोचला, हा क्रम आपल्याकडच्या क्रीडाव्यवस्थेबद्दल बरेच सांगून जातो.

तुलना अमेरिकेशी करण्यात अर्थ नाही, टांझानियाशी करावी. टांझानियाही त्याच वर्षी पहिल्यांदा खेळत होता, पण आफ्रिकेची पात्रता फेरी पार करून. पहिल्या सामन्यात जपानकडून ०–४ असा मार खाऊन त्या मुलींनी फ्रान्सला २–१ असे हरवले, कॅनडाशी १–१ बरोबरी साधली आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. पात्रता फेरीचे सामने त्यांच्या अंगी लागले होते. आपल्या मुलींना शिबिरे मिळाली, परदेश दौरे मिळाले. हरलो तर बाहेर, असा सामना त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

गोवा आणि महाराष्ट्राच्या वाट्याला पाहुणे संघ आले. मडगावच्या फातोर्डा मैदानावर २६ ऑक्टोबरला दोन्ही उपांत्य सामने झाले. कोलंबियाने गोलशून्य बरोबरीनंतर नायजेरियाला पेनल्टींवर हरवले, स्पेनने जर्मनीला १–० ने. नेरूळचे मैदान या खेळाला नवे नव्हते: २०१७ चा मुलांचा विश्वचषक तिथे झाला होता आणि २०२२ च्याच फेब्रुवारीत महिला आशिया चषकाचा अंतिम सामनाही. ३० ऑक्टोबरला तिथे नायजेरियाने जर्मनीला ३–३ बरोबरीनंतर पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक घेतला. अंतिम सामना स्पेन आणि कोलंबिया यांच्यात. साखळीत स्पेनने कोलंबियाला १–० असेच हरवले होते. अंतिम सामन्यातही गोल एकच झाला, ८२ व्या मिनिटाला, आणि तो स्वयंगोल होता. स्पेनची सोळा वर्षांची विकी लोपेस सर्वोत्तम खेळाडू ठरली. कोलंबियाची लिंडा कैसेदो त्या वर्षी जुलैत मोठ्यांच्या कोपा अमेरिकेची अंतिम लढत खेळली होती, ऑगस्टमध्ये विसाखालचा विश्वचषक, आणि ऑक्टोबरात ती भारतात होती. पुढच्या वर्षी मोठ्यांच्या विश्वचषकात तिने जर्मनीविरुद्ध गोल केला, तेव्हा नेरूळला तिला पाहिलेल्यांना नवल वाटले नसावे.

या विश्वचषकात आशियाचे कोणते संघ जाणार हे सतराखालच्या मुलींच्या आशिया चषकावरून ठरते. त्या चषकाच्या पात्रता फेरीत ऑक्टोबर २०२५ मध्ये, किर्गिझस्तानातील बिश्केक येथे, भारताच्या मुलींनी उझबेकिस्तानला २–१ असे हरवले आणि २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. २००५ मध्ये भारत त्या स्पर्धेत खेळला होता, पण तेव्हा पात्रता फेरी नव्हती.