पानगळ की मर? दारातल्या उघड्या झाडाकडं बघताना

माघात आमच्या दहिवडीकडं सकाळी असा कोरडा वारा सुटतो की आधी ओठ फुटतात, मग टाचा, आणि मग दारातली झाडं एकेक करून उघडी पडायला लागतात. तिकडं घाटमाथ्यावर महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात आमच्या माणात कसाबसा पाचशेच्या आसपास. दिवाळीनंतर जमिनीत ओल अशी राहतच नाही. त्यामुळं दरवर्षी या दिवसांत एकच प्रश्न येतो, "काय ओ, झाड मेलं का काय?"

मी या प्रश्नाचं उत्तर दोन्ही बाजूंनी चुकवलंय.

पहिल्यांदा परसातलं सीताफळ तोडलं. एक पान नव्हतं, फांद्या राखाडी, शेंड्याला काळी पडून वाळलेली दोन सीताफळं लोंबत होती. कुऱ्हाडीचा दुसरा घाव बसला, साल सुटली आणि आत काकडीसारखा ओला हिरवा रंग दिसला. पलीकडच्या आक्का भिंतीवरून बघत होत्या. "आरं, झोपलेल्याला मारलास की रं," एवढंच म्हणाल्या. पुढच्याच हिवाळ्यात कागदी लिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं, आता शहाणा झालोय, ही पानगळ आहे, करू द्या आराम. ते लिंबू होळीपर्यंत सरपण झालं.

लांबून पानगळ आणि मर, म्हणजे झाड वाळत जाणं, दोन्ही सारखीच दिसतात, जवळ गेल्यावर मात्र दोन्हींत काही साम्य उरत नाही.

पानगळ हे झाडानं स्वतः केलेलं काम आहे. पाणी तुटायला लागलं की झाड पानातलं उपयोगाचं, विशेषतः नत्र, फांदीत ओढून घेतं. म्हणून पान आधी पिवळं किंवा तांबडं होतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार होतो, आतली जखम बंद होते आणि पान वाऱ्याच्या झुळकीनं सुटतं. फांदीवर राहते ती गुळगुळीत, कोरडी खूण, आणि त्या खुणेशी डोळा, म्हणजे नव्या फुटीचा कोंब.

सीताफळाचं तर याहून मजेशीर आहे. त्याचा डोळा पानाच्या देठाखालीच झाकलेला असतो. पान गळल्याशिवाय तो फुटूच शकत नाही. म्हणजे मी ज्याला मरण समजलो, ती नव्या फुटीची तयारी होती. आटपाडीकडचे डाळिंबवाले हेच जाणून बुजून करतात. पाणी तोडून बागेला ताण देतात, पानं गाळतात आणि मग बहार धरतात, म्हणजे झाडाला एकदम फुलं आणतात. उघडी बाग बघून तिथं कुणी कुऱ्हाड शोधत नाही.

मर लागते तेव्हा झाडाला हे काम करायला सवडच मिळत नाही. मूळ कुजलं, खोड पोखरलं किंवा दोरी सालीत रुतली की वरची फांदी अचानक तहानेनं वाळते. पडदा तयार व्हायच्या आधीच पान मरतं, त्यामुळं ते गळत नाही. तपकिरी, कुरकुरीत होऊन तिथंच लटकतं. आंब्याची एकच फांदी चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली असेल आणि हलवून पान पडत नसेल, तर खोडाकडं बघा. बुंध्यापाशी भुसा सांडलेला आणि वर छिद्र दिसलं तर भिरूड आहे. छिद्रात तार घालून अळी काढायची आणि तोंड चिखलानं लिंपायचं.

म्हणजे पानं टाकणारं झाड बहुधा ठीक असतं आणि वाळकी पानं धरून बसलेलं झाड अडचणीत असतं. "बहुधा" म्हणालो ते लिंबामुळं. लिंबू सदाहरित. त्याची पानं वर्षभर थोडी थोडी बदलतात, एकदम उघडं पडायची त्याला रीत नाही. त्यामुळं ते भर थंडीत पानं टाकू लागलं की ती पानगळ नाहीच. माझ्या लिंबाच्या बुंध्याला मधासारखा डिंक आला होता आणि मी तो कौतुकानं बघत बसलो होतो. तो डिंक्या रोग होता. ठिबकची नळी वर्षभर खोडाला चिकटून पडलेली, बुंधा कायम ओला, आणि साल खालून कुजत गेलेली. वर पानं तहानलेली, खाली मूळ पाण्यात. मी काय केलं असेल? अजून पाणी घातलं.

तेव्हा आधी आपल्या झाडाची रीत ठाऊक पाहिजे. सीताफळ, चाफा, पळस, काटेसावर, साग ही उघडी पडणारी मंडळी. चाफा तर नुसत्या जाड बोटांसारखा उभा राहतो आणि लोक दया येऊन त्याला बादल्या ओततात. त्या फांद्यांत स्वतःचं पाणी असतं, थंडीतल्या जास्तीच्या पाण्यानं त्या मऊ पडून सडतात. देशी बदाम लालभडक होऊन पानं टाकतो. शेवगा थंडीत पिवळा पडतो. कडुनिंब शिशिरात झडतो आणि पाडव्याला गुळासोबत खायला कोवळी पालवी घेऊन हजर होतो. आंबा, लिंबू, चिकू, फणस मात्र एकदम उघडे पडले तर काळजी करा.

रीत कळली तरी शंका उरतेच. मग नख लावायचं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर साल हलकेच खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर खाली सरका, पुन्हा खरवडा. शेंडा वाळलेला आणि दीड हातावर हिरवं, असं बऱ्याचदा निघतं. ती शेंडेमर. हिरव्यापर्यंत छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, आणि कालवायला प्लास्टिकचीच बादली. लोखंडी घेतली तर बादलीही जाते आणि पेस्टही. चार झाडांपुरती करायची तर 100 ग्रॅम, 100 ग्रॅम, 1 लिटर पुरे.

आता एक तिसराच प्रकार, जो या दोघांत बसत नाही. पान हिरवं, पण कडा भाजल्यासारख्या, आणि तेही फक्त उगवतीच्या, वारा येतो त्या अंगाला. हा कोरड्या वाऱ्याचा फटका. पानातून पाणी जितकं उडतं तितकं मुळं पुरवू शकत नाहीत. औषधाचं इथं काम नाही. एक-दोन वर्षांच्या रोपाला आठ-दहा दिवसांनी भरपूर पाणी द्या, पण खुरप्यानं वीतभर उकरून आत कोरडं लागलं तरच. आळं बुंध्याशी करू नका, फांद्यांच्या घेराखाली गोल करा. पाणी पिणारी बारीक मुळं तिकडंच असतात. वरून उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. कराडकडं ते अजूनही पेटवून देतात, इकडं आम्ही मागून आणतो. फक्त खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी आलीच. आधाराच्या काठीला रोप बांधायचं ते जुन्या लुगड्याच्या चिंधीनं, सैल, 8 च्या आकड्यासारखा वेढा देऊन. नायलॉनची दोरी वर्षभरात सालीत रुतते आणि तुम्हीच मर लावून ठेवता.

आमच्या आळीतले तात्या फौजेत होते, काही वर्षं लेहला काढलेली. ते म्हणतात, तिकडं थंडीआधीच झाडाला पोटभर पाणी पाजायचं, कारण नंतर जमीनच गोठते आणि मूळ काही ओढू शकत नाही. खरं आहे. पण ते वाचून-ऐकून इथं खोडांना पोती गुंडाळण्यात अर्थ नाही. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तरी जमीन गोठत नाही. आपल्या झाडांना थंडीपेक्षा कोरड जास्त मारते.

आणि घाई. कुऱ्हाड काढायच्या आधी बांधावरचा कडुनिंब पालवीनं भरू द्या. सीताफळासाठी तर वळवाचा एक पाऊस होईपर्यंत थांबा. ते सगळ्यात उशिरा उठतं. माझ्या त्या तोडलेल्या बुडख्याला वैशाखात सात फुटवे आले. पाच काढले, दोन ठेवले. आक्का अजून भिंतीवरून बघतात. परवा ते दोन्ही फुटवे पुन्हा उघडे पडले तेव्हा त्यांनीच विचारलं, "कुऱ्हाड कुठं ठेवलीयास?"